कृत्रिम पकडीला स्पर्शाची जोड: दंडावरच्या कंपनपट्ट्याची बांधणी आणि चाचणी

हडंबा (मळणीयंत्र), कडबाकुट्टी आणि उसाचा चरक या यंत्रांत हात जाण्याचे अपघात मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना नवे नाहीत. अशा अपघातानंतर ज्यांना विजेवर चालणारा कृत्रिम हात मिळतो, त्यांची पहिली तक्रार बहुधा एकच असते: हात उघडतो, मिटतो, पण हातात काय आले ते कळत नाही. पेला नीट धरला गेला की नाही हे डोळ्यांनीच पाहावे लागते, नजर तिथेच खिळवून ठेवली तर दुसरे काम होत नाही, आणि जोराचा अंदाज नसल्यामुळे कागदी कप चेपतो, तर ओला स्टीलचा पेला सटकतो. मानेच्या मणक्याला दुखापत झाल्याने हातात बळ न उरलेली आणि व्हीलचेअरला जोडलेल्या यांत्रिक बाहूने वस्तू उचलणारी व्यक्तीही याच अडचणीत असते.

अशा पकडीच्या बोटांत दाबाचा सेन्सर बसवायचा आणि त्याची सूचना दंडावर बांधलेल्या छोट्या कंपन मोटारींतून द्यायची, ही पद्धत येथे दिली आहे. अभियांत्रिकीचे आणि तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. आर्डुइनोसारखा बोर्ड, सोल्डरिंग आणि साधा सर्वो मोटार यांची ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे.

बांधणीकडे वळण्यापूर्वी आराखड्याचा एक निर्णय पक्का करायला हवा. महाविद्यालयीन प्रकल्पांत सहसा ‘जितका दाब तितके कंपन’ अशी जोडणी केलेली आढळते. ती करायला सोपी असते आणि प्रदर्शनात छान दिसते. परंतु दिवसभर वापरणाऱ्याला ती नकोशी होते, कारण सतत चालणाऱ्या कंपनाची कातडीला सवय होते आणि काही वेळाने ते जाणवेनासे होते, बॅटरी मात्र उतरत राहते. निसर्गाने दिलेला हातही असे करत नाही. तळहाताच्या कातडीत सुमारे १७,००० स्पर्शतंतू असतात आणि त्यांपैकी मोठा वर्ग फक्त बदल घडतो तेव्हाच संदेश पाठवतो: वस्तूला बोट टेकले, वस्तू सुटली, वस्तू घसरू लागली. म्हणून आपल्या पट्ट्यानेही घटना घडल्यावर बोलावे आणि काही घडत नसेल तर गप्प राहावे. पुढील सर्व सूचना याच निर्णयावर बेतलेल्या आहेत.

पट्ट्याची जागा

सेन्सर विकत घेण्याआधी पट्टा शरीरावर कुठे बसणार हे ठरवावे. कोपराखालून हात गेलेल्या व्यक्तीसाठी दंडाची बाहेरची बाजू सर्वांत सोयीची ठरते. कातडीवरून स्नायूंचे विद्युत संकेत घेऊन चालणारा हात असेल, तर त्याचे इलेक्ट्रोड कोपराखाली उरलेल्या भागावर असतात. हे संकेत साधारण २० ते ५०० हर्ट्‌झ यांच्या दरम्यान येतात आणि मोबाइलमधली कंपन मोटार सुमारे २०० हर्ट्‌झने थरथरते. म्हणजे पट्टा इलेक्ट्रोडजवळ बांधला तर मोटारीची थरथर स्नायूचा संकेत म्हणून आत शिरू शकते आणि हात आपोआप उघडू किंवा मिटू लागतो. पट्टा कोपराच्या वर नेला की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मणक्याच्या दुखापतीत प्रश्न वेगळा असतो. तेथे कोणत्या भागात संवेदना शिल्लक आहे हे आधी पाहावे लागते. दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना मानेतल्या पाचव्या मज्जातंतूकडून येते आणि खांद्याच्या वरच्या भागाची चौथ्याकडून, त्यामुळे दुखापत कोणत्या पातळीला आहे त्यानुसार पट्टा दंडावर, खांद्यावर किंवा मानेच्या बुडाशी बांधावा लागेल. ही तपासणी फिजिओथेरपिस्टच्या उपस्थितीतच व्हावी. कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श आणि १२८ हर्ट्‌झच्या ट्यूनिंग फोर्कने कंपन, अशा दोन्ही तपासण्या कराव्यात, कारण एक संवेदना शाबूत असून दुसरी गेलेली असणे अशक्य नसते. बधिर कातडीवर पट्टा कधीही आवळू नये: पट्टा रुतला, खरचटले किंवा जखम झाली तरी त्या व्यक्तीला कळणार नाही. जुना मधुमेह किंवा कुष्ठरोग असलेल्यांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी.

दोन मोटारी बसवायच्या असतील तर त्यांच्यातील अंतर निदान ६ सेंटिमीटर ठेवावे. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे ओळखता येतात. दंडावर मात्र तेवढ्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर लागतात, आणि कंपन कातडीतून पसरते हेही त्यात धरावे लागते. जागा पक्की करण्यापूर्वी दोन्ही मोटारी नुसत्या चिकटपट्टीने लावून त्या व्यक्तीला न दाखवता एकेक चालवून पाहावी. “मामा, आता कुठं वाजलं?” या प्रश्नाला “वरची” किंवा “खालची” असे उत्तर चटकन आले तर जागा योग्य आहे, उत्तराआधी “बहुतेक” आले तर अंतर वाढवावे.

बोटातला सेन्सर

दाब मोजण्याचे अनेक मार्ग आहेत. रबरात ओतलेली वायुदाबमापक चिप, मऊ थरात बसवलेले चुंबक आणि त्याखालचा हॉल सेन्सर (चुंबकक्षेत्र ओळखणारा), किंवा पारदर्शक जेलच्या मागे बसवलेला छोटा कॅमेरा यांतला प्रत्येक पर्याय काही ना काही बाबतीत सरस आहे. तरीही पहिल्या बांधणीसाठी दाबानुसार रोध बदलणारा पातळ फिल्मचा सेन्सर, म्हणजे एफएसआर, घ्यावा. तो स्वस्त असतो, बोटाच्या टोकात मावतो आणि बिघडला तर सहज बदलता येतो. ‘एफएसआर ४०२’ ही चकती सुमारे १८ मिलिमीटर व्यासाची असून ०.२ ते २० न्यूटन एवढा दाब ओळखते. घरगुती वस्तू उचलण्यासाठी हा पल्ला पुरेसा आहे.

हा सेन्सर अचूक मोजमापाचा नव्हे, हे सुरुवातीलाच मान्य करावे. एकच वजन त्यावर ठेवून दिले तर वाचन हळूहळू वर सरकत जाते, आणि दाब वाढताना मिळणारे वाचन व तोच दाब कमी होताना मिळणारे वाचन यांत फरक पडतो. आपल्याला ग्रॅमचा हिशेब नको आहे. ‘लागले’, ‘हलके धरले’, ‘घट्ट धरले’ एवढेच कळायला हवे आहे, आणि तेवढ्या कामासाठी तो भरवशाचा आहे.

बसवताना मात्र तीन गोष्टींत हयगय चालत नाही. पहिली म्हणजे चकती सपाट पृष्ठभागावर बसली पाहिजे. गोलाकार बोटावर वाकवून चिकटवली तर वाकण्याचाच ताण दाब म्हणून नोंदवला जातो आणि हात रिकामा असतानाही वाचन शून्यावर येत नाही, म्हणून बोटाच्या आतल्या बाजूला कानसीने सपाट बैठक करून घ्यावी किंवा थ्रीडी छपाईतच तशी जागा सोडावी. दुसरी म्हणजे शेपटीला, म्हणजे चकतीतून निघालेल्या जोडणीच्या पट्टीला, थेट सोल्डर लावू नये. फिल्म प्लास्टिकची असल्यामुळे ती क्षणात वितळते. दाबून बसवायचा कनेक्टर वापरावा आणि वायर ओढली गेली तरी ताण शेपटीवर येणार नाही अशा रीतीने ती बोटाच्या मुळाशी बांधून घ्यावी. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: चकतीच्या दोन थरांमधील हवा शेपटीकडच्या बारीक वाटेने बाहेर जाते, ती वाट फेविक्विकसारख्या गोंदाने बुजली तर आत अडकलेली हवा फुग्यासारखी अडते आणि वाचन भलतेच येऊ लागते. चिकटवण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप पुरते.

चकतीच्या बरोबर मध्यावर सुमारे १० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा रबराचा तुकडा ठेवावा. तो नसेल तर वस्तूचा दाब चकतीच्या कडेवरून बोटाच्या सांगाड्यात उतरतो आणि सेन्सरला त्याचा पत्ताच लागत नाही. सायकलच्या ट्यूबचे दोन-तीन थर एकावर एक चिकटवून कापले तरी हा तुकडा तयार होतो. त्यावर बोटाची मऊ गादी हवी, आणि ती दोन भाग मिसळून गोठवायच्या सिलिकॉनची असावी. साच्यात ओतण्यापूर्वी मिश्रण काही वेळ स्थिर ठेवून बुडबुडे वर येऊ द्यावेत. गादीच्या पृष्ठभागावर बारीक आडव्या रेघा ठेवल्या तर पकड सुधारते, आणि घसरण ओळखण्याच्या कामीही त्या पुढे उपयोगी पडतात.

सगळ्या बोटांत सेन्सर घालण्याची आवश्यकता नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या गाद्यांत एकेक पुरे. घरातल्या बहुतेक वस्तू याच दोघांच्या मध्ये धरल्या जातात, आणि पाच सेन्सरांचे वाचन दोन मोटारींतून सांगू गेल्यास ऐकणाऱ्याचा गोंधळच होतो.

आकड्यांची जुळणी

सेन्सरचे एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरे बोर्डाच्या अॅनालॉग पिनला जोडावे. त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रोध लावावा. आर्डुइनो उनो आणि नॅनो यांचे अॅनालॉग वाचन ० ते १०२३ या आकड्यांत मिळते. या जोडणीत सेन्सरचा रोध १०० किलोओहम असताना वाचन सुमारे ९३ येते, १० किलोओहमला सुमारे ५१२ आणि ३ किलोओहमला सुमारे ७८७. हे आकडे दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नाहीत. दाब तिप्पट झाला तरी वाचन ५१२ वरून ७८७ एवढेच जाते, आणि पुढे तर ते आणखीच मंदावते. कच्च्या वाचनावरच मर्यादा ठरवणाऱ्या प्रकल्पांत घट्ट पकडीची बाजू नेहमी आंधळी राहते, ती याच कारणाने.

यावर उपाय सोपा आहे. एफएसआरमध्ये दाबाच्या साधारण प्रमाणात वाढते ती त्याची वाहकता, म्हणजे रोधाचा व्यस्त. म्हणून प्रोग्राममध्ये वाचनाला ‘१०२३ वजा वाचन’ या संख्येने भागावे. वरच्या तीन उदाहरणांत हा भागाकार अनुक्रमे ०.१, १ आणि सुमारे ३.३ येतो, आणि दाबाशी त्याचे नाते पुष्कळसे सरळ असते. वाचन १०२३ झाल्यास छेद शून्य होतो, त्यासाठी आधी वरची मर्यादा घालून ठेवावी.

हा भागाकार न्यूटनमध्ये बदलण्यासाठी स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा होतो. काट्यावर बोटाची गादी टेकवून काटा ५० ग्रॅम, १००, २००, ५०० आणि १००० ग्रॅम दाखवेल इतपत दाबत जावे आणि प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून भागाकार वहीत उतरवावा. १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १ न्यूटन धरायला हरकत नाही. चढत्या क्रमाने एकदा आणि उतरत्या क्रमाने एकदा नोंदी घ्याव्यात आणि दोहोंची सरासरी वापरावी. गादी बसवल्यानंतरच हे करावे. उघड्या सेन्सरवर घेतलेले आकडे गादी चढवल्यावर निरुपयोगी होतात.

आता मर्यादा. दोन बोटांत धरलेली वस्तू न घसरण्यासाठी प्रत्येक बोटाचा दाब किमान किती हवा हे काढायचे, तर वस्तूच्या वजनाला घर्षणांकाच्या दुपटीने भागावे. भरलेला कागदी कप १०० ग्रॅमचा, म्हणजे १ न्यूटनचा, आणि घर्षणांक ०.५ धरला तर १ न्यूटन दाब पुरतो. पाव लिटर पाणी भरलेला स्टीलचा पेला ३५० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ३.४ न्यूटन, कोरडा असताना त्याला ३.४ न्यूटनच दाब लागतो, पण बाहेरून ओला झाला आणि घर्षणांक ०.२ वर आला तर ८.६ न्यूटन लागतो. हातातली वस्तू तीच असून गरज अडीचपट वाढते. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठातले रोलंड योहानसन आणि गोरान वेस्टलिंग यांनी १९८४ साली दाखवून दिले होते की माणूस वस्तू उचलताना घसरण्याच्या सीमेपेक्षा थोडाच जास्त दाब लावतो आणि पृष्ठभागानुसार तो आपोआप बदलतो. आपल्या यंत्राला एवढी हुशारी देता येणार नाही, पण तीन पायऱ्या देता येतात: २ न्यूटनपर्यंत हलकी पकड, २ ते ६ मध्यम आणि त्यापुढे घट्ट. १२ न्यूटनला पकडीने स्वतःहून थांबावे.

स्पर्श झाल्याची मर्यादा ०.५ न्यूटन आणि सुटल्याची ०.३ न्यूटन अशी वेगवेगळी ठेवावी. दोन्हींना एकच आकडा दिला तर दाब त्या आकड्याभोवती रेंगाळताना ‘लागले, सुटले, लागले, सुटले’ असा पट्टा कटकट करत बसतो. तिन्ही पायऱ्यांच्या सीमांवरही असेच थोडे अंतर ठेवावे.

मोटारी आणि त्यांची जोडणी

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात १० मिलिमीटर व्यासाची नाण्यासारखी कंपन मोटार मिळते. ती ३ व्होल्टची असून ७५ ते १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते, आणि आर्डुइनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेणे हिताचे नसते. तेव्हा मोटार थेट पिनला न जोडता २एन२२२२ सारख्या ट्रान्झिस्टरमधून चालवावी. बेसला १ किलोओहमचा रोध आणि मोटारीला समांतर, उलट्या दिशेने, १एन४००७ डायोड लावावा. पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर पीडब्ल्यूएमची (वीज झपाट्याने चालू-बंद करून जोर ठरवण्याच्या पद्धतीची) कमाल किंमत २५५ पैकी १५० च्या आसपास रोखावी, नाहीतर मोटार लवकर जळते.

या मोटारीचा दोष असा की तिला पूर्ण वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, आणि तिचा जोर कमी केला की कंपनाची गतीही कमी होते; दोन्ही वेगळे करता येत नाहीत. थोडा खर्च परवडत असेल तर एलआरए प्रकारची (सरळ रेषेत मागे-पुढे थरथरणारी) मोटार आणि तिच्यासाठी डीआरव्ही२६०५एल ही चालक चिप घ्यावी. ती चटकन सुरू होते, चटकन थांबते आणि तिचा ‘टक्’ हा ठोका स्वच्छ जाणवतो.

बोटे हलवणाऱ्या सर्वो मोटारीचा विद्युतपुरवठा सेन्सरपासून वेगळा ठेवून फक्त ग्राउंड एकत्र करावे आणि सर्वोच्या तारांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सर्वो अडकून जोर लावू लागला की व्होल्टेज खाली जाते आणि नेमक्या त्याच क्षणी, म्हणजे दाबाची माहिती सर्वांत जास्त हवी असते तेव्हा, सेन्सरचे वाचन डळमळते.

काय सांगायचे आणि कसे

सूचनांची भाषा जितकी लहान तितकी ती लवकर अंगवळणी पडते. खालच्या मोटारीकडे पकडीची माहिती द्यावी. बोट वस्तूला टेकले की ८० मिलिसेकंदांचा एक ठोका. दाब मध्यम पायरीवर गेला की दोन ठोके, घट्ट पायरीवर गेला की तीन. वस्तू सुटली की एक लांब, सुमारे ३०० मिलिसेकंदांचा ठोका. पायरी बदलत नाही तोवर काहीही नाही. वरची मोटार केवळ घसरणीसाठी राखून ठेवावी आणि घसरण झाली की तिने जलद तडतड करावी.

पायऱ्या कंपनाच्या जोराने का दाखवू नयेत, असे कोणी विचारील. पट्टा सकाळी जसा आवळलेला असतो तसा दुपारी राहत नाही, शर्टाच्या बाहीची घडी मध्ये येते, घामाने पट्टा सरकतो, आणि या प्रत्येक वेळी त्याच कंपनाचा जोर कातडीला वेगळा वाटतो. ठोक्यांची संख्या या कशानेही बदलत नाही. हाच विचार पुढे नेऊन काही जण सात-आठ प्रकारच्या लयी ठरवतात. माझ्या मते ते टाळावे. हात वापरणाऱ्याने लय ओळखण्यात लक्ष घालायचे की चहा प्यायचा, हे आपणच ठरवून घ्यावे.

ठोक्यांची आणि लांबीची निवड शेवटी त्या व्यक्तीवर सोडावी. काही जणांना सुटल्याची सूचना नकोच असते, कारण वस्तू त्यांनी स्वतःच खाली ठेवलेली असते. ती बंद करता येईल अशी सोय प्रोग्राममध्ये असू द्यावी.

घसरण: आधी यंत्राने सावरावे, मग सांगावे

वस्तू बोटांतून सरकू लागली की निरोगी हाताची पकड सुमारे ७० मिलिसेकंदांत, विचार करण्यापूर्वीच, आवळली जाते. पट्ट्यातून सूचना मिळून, ती समजून, स्नायू आकसून आणि मग कृत्रिम हाताची मोटार फिरून पकड वाढायला याच्या कितीतरी पट वेळ जातो. तोवर पेला जमिनीवर असतो. म्हणून घसरणीवरची पहिली कृती पकडीने स्वतः करावी आणि माणसाला ‘सावरले आहे’ एवढे कळवावे.

घसरताना गादीवरच्या रेघा वस्तूवर अडत-सुटत जातात आणि त्यातून बारीक, जलद थरथर निर्माण होते. ती पकडण्यासाठी गादीच्या मागे पिझो चकती (थरथरली की वीज निर्माण करणारी) बसवावी, तिच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहमचा रोध लावावा आणि बोर्डाच्या संरक्षणासाठी ५.१ व्होल्टचा झेनर डायोड जोडावा. मिलिसेकंदाला एक वाचन घ्यावे, लागोपाठच्या वाचनांतील फरकांची बेरीज करावी आणि ती ठरावीक मर्यादेबाहेर गेली की घसरण मानावी. अडचण एवढीच की सर्वोच्या दातेरी चाकांची खरखरही पिझोला अगदी तशीच ऐकू येते. बोटाची मोटार चालू असताना आणि ती थांबल्यावर आणखी १०० मिलिसेकंद पिझोचे वाचन विचारात घेऊ नये; नाहीतर पकड स्वतःच्याच आवाजाला घाबरून आवळत जाते.

सावरण्याची कृतीही मर्यादित हवी. प्रत्येक वेळी दाब सुमारे १ न्यूटनने वाढवावा, सलग तीनपेक्षा अधिक वेळा नाही. याची खरी परीक्षा बालाघाटच्या सीताफळावर होते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण येथे त्याचे महत्त्व वेगळे आहे: डोळे उघडलेले पिकले फळ बोटाने दाबले की डोळ्यांच्या मधली फट रुंदावते, साल किंचित सरकते, आणि ही हालचाल पिझोला घसरणीसारखी वाटते. पकड आवळते, त्यामुळे साल आणखी सरकते, पकड पुन्हा आवळते, आणि फळ हातात फुटते. जालन्याची मोसंबी असे काहीच करत नाही. म्हणून पकडीवर एक छोटे बटण ‘नाजूक’ वस्तूंसाठी ठेवावे. ते दाबले की सावरण्याची कृती बंद होऊन केवळ सूचना मिळेल आणि कमाल दाब ३ न्यूटनवर येईल.

चाचणी

पट्टा बांधल्याबरोबर ‘फरक वाटतो का’ असे विचारले तर समोरची व्यक्ती आपल्या मेहनतीकडे पाहून होच म्हणते. त्यामुळे मोजून पाहणे आवश्यक आहे. डोळ्यांवर गमछा बांधावा आणि कानांवर हेडफोन लावून रेडिओ चालू करावा. डोळे झाकण्याचे सर्वांच्या ध्यानात राहते, कान मात्र राहून जातात. सर्वोचा आवाज वस्तूला टेकताच बदलतो आणि अनुभवी माणूस त्या आवाजावरूनच निम्मे ओळखतो.

पहिल्या चाचणीत सारख्या आकाराच्या दोन वस्तू घ्याव्यात, एक टणक आणि एक मऊ. मोसंबी आणि तेवढाच स्पंजाचा गोळा चालेल. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि २० वेळा वस्तू हातात देऊन ओळखायला सांगावे. नुसत्या अंदाजाने २० पैकी १५ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के असते, तेव्हा १५ किंवा अधिक आल्यास पट्टा खरोखर उपयोगी पडतो आहे असे मानता येते. मग तीच चाचणी पट्ट्याचा स्विच बंद करून घ्यावी, आणि कधी चालू, कधी बंद हाही क्रम चिठ्ठ्यांनीच ठरवावा. बंद असतानाही १५ आले, तर माहिती दुसऱ्या कुठून तरी, बहुधा सॉकेटमधून (उरलेल्या हातावर चढवायच्या कवचातून) खुंटाला जाणवणाऱ्या हादऱ्यांतून, मिळते आहे. ती वाईट गोष्ट नाही, पण तिचे श्रेय पट्ट्याला देऊ नये.

दुसरी चाचणी डोळे उघडे ठेवून तळलेल्या कुरडया एका ताटातून दुसऱ्या ताटात ठेवण्याची. किती फुटल्या आणि किती वेळ लागला, दोन्ही लिहावे. पट्ट्यामुळे फुटणे कमी होऊन वेळ वाढला, तर सुरुवातीला ते स्वाभाविक आहे. आठ-दहा दिवसांच्या वापरानंतरही वेळ उतरला नाही तर ठोक्यांची लांबी कमी करून पाहावी. जगभरातील पुनर्वसन केंद्रांत वापरली जाणारी ‘बॉक्स अँड ब्लॉक’ चाचणी, म्हणजे अडीच सेंटिमीटरचे ठोकळे मधल्या फळीवरून पलीकडे टाकत ६० सेकंदांत किती नेले ते मोजणे, हीदेखील घ्यावी. मात्र तिच्यात नाजूकपणाचा कस लागत नाही, त्यामुळे तिथे पट्ट्याचा लाभ दिसला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही.

पहिले काही आठवडे गरम चहा, काच आणि लहान मूल यांना या हाताने धरू नये, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. चुलीवरच्या भांड्याला गादी टेकवू नये; सिलिकॉन उष्णता सोसते, पण त्याखालची फिल्म सोसत नाही.

उन्हाळा आणि देखभाल

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तो आणखी चढतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांवरच्या तापमानात चार्ज करू नये, म्हणून चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे आणि उन्हातल्या मोटारसायकलच्या डिकीत हात ठेवू नये. पट्ट्याचे कापड सुती आणि वेगळे काढून धुता येईल असे शिवावे. मोटारी त्यात कप्प्यांत बसवाव्यात आणि प्रत्येक मोटार पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, म्हणजे घामाचे मीठ तारांपर्यंत पोचत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा गादीच्या कडेतून आत जातो, तेव्हा त्या हंगामात दर आठवड्याला गादी काढून कोरड्या ब्रशने साफ करावी.

हात सुरू होताच, बोटे उघडी असताना, प्रोग्रामने दोन्ही सेन्सरांचे रिकामे वाचन घेऊन तेच शून्य मानावे. काट्यावरची जुळणी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आणि गादी बदलल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा करावी. जुळणीचे आकडे, रोधांच्या किमती आणि कोणती तार कुठे जाते याचा छोटा आराखडा कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, सॉकेटच्या आतल्या बाजूला चिकटवून द्यावा. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती करणाऱ्याला हात उघडल्यावर पहिल्यांदा लागतो तो हाच कागद.